निरीक्षणाचा रकाना

श्रावण सरत आला होता आणि दुपारपासून पावसाने जी झड धरली होती, ती काही केल्या सुटत नव्हती. फोंड्याच्या आमच्या घरी माझी भाची ओसरीवर रसायनशास्त्राचे जर्नल पुरे करीत बसली होती. ती बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. अक्षर सुरेख, आकृत्या रेखीव, आणि शेजारी तिच्या एका सीनियरचे गेल्या वर्षीचे जर्नल उघडे. दोन दिवसांनी होणार असलेल्या टायट्रेशनचे, म्हणजे खुणांच्या काचनळीतून (ब्युरेटमधून) एक द्रावण दुसऱ्यात थेंबाथेंबाने सोडून मोजण्याच्या प्रयोगाचे, पान ती त्या दिवशी लिहीत होती. हेतू, साहित्य, कृती, समीकरण असे सगळे शाईने उतरवून झाल्यावर तिने निरीक्षणाच्या तक्त्यात पेन्सिलीने ब्युरेटची तिन्ही रीडिंग भरली: 9.8, 9.7, 9.7. खाली सी. बी. आर., म्हणजे पुन्हा पुन्हा तेच येणारे पक्के रीडिंग, 9.7. मी विचारले, "अगं, प्रयोग तर परवा आहे ना?" मान वर न करता ती म्हणाली, "हो मावशी, पण उत्तर एवढंच यायला हवं. पेन्सिलीनं लिहिलंय, थोडं इकडेतिकडे झालं तर बदलता येतं. सगळे असंच करतात."

तिच्या आवाजात संकोच नव्हता आणि लबाडीही नव्हती. म्हणूनच ते वाक्य माझ्या मनातून जाईना. आयुष्याची बरीच वर्षे मी पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काढली. तिथे एका आकड्याखाली सही होते आणि त्या सहीवर एखाद्या वाड्यावरची माणसे विहिरीचे पाणी पितात किंवा पिणे थांबवतात. त्यामुळे न केलेल्या प्रयोगाचा आकडा पाहून मी दचकले हे खरे. पण भाचीवर रागवावे असे मला वाटले नाही. तिला जे शिकवले गेले होते, ते ती नीट शिकली होती. टेबलाभोवती गर्दी, दोन तासांचा वेळ, त्यात द्रावणे करायची, तीन वेळा टायट्रेशन करायचे, काचसामान धुऊन ठेवायचे, आणि शेवटी पाहिले जाणार ते एवढेच की उत्तर ठरलेल्या आकड्याशी जुळते की नाही. वर्षाअखेरीस जर्नल सर्टिफाइड झाले पाहिजे, एक्स्टर्नल परीक्षकासमोर ते नीटनेटके दिसले पाहिजे. ज्या प्रयोगाचे उत्तर आधीच ठाऊक आहे आणि ते चुकले तर गुण जातात, त्या प्रयोगात हुशार मुलगी जे करील, तेच ती करीत होती.

मी एमएस्सीला गेले तेव्हा गोवा विद्यापीठ नवे होते. 1985 साली ते सुरू झाले. त्याआधी पणजीतले मुंबई विद्यापीठाचे पदव्युत्तर केंद्र हाच आमच्या मोठ्या भावंडांचा आधार होता. ताळगावच्या पठारावर तेव्हा इमारती थोड्या आणि वारा मोकळा असे. पावसाळ्यात जांभ्या दगडाच्या त्या सड्यावर सीतेच्या आसवांची निळीजांभळी पखरण होई, आणि वनस्पतिशास्त्राची मुले गुडघे टेकून त्या इवल्या झाडांच्या मुळाशी असलेल्या, सूक्ष्म जीव गिळणाऱ्या पिशव्या शोधत बसत. वर्गात आम्ही मोजकीच होतो. सरांना प्रत्येकाचे नाव, गाव आणि शेवटची बस किती वाजता सुटते हे ठाऊक असे. उपकरणेही मोजकीच होती, पण ती आमच्या हाताला लागत. पुढे मोठ्या शहरातल्या मोठ्या विद्यापीठात गेलेली माझी एक मैत्रीण सांगत असे, की तिथे महागडी यंत्रे खूप आहेत, मात्र ती चालवतो तंत्रज्ञ. आपण नमुना खिडकीतून द्यायचा आणि कागद घेऊन यायचे. ते ऐकून मला तिचा हेवाही वाटे आणि आपल्या वाट्याला आलेल्या जुन्या ब्युरेटबद्दल जिव्हाळाही वाटे.

त्या काळातली एक दुपार मला अजून हाताने आठवते. रायबंदरहून फेरीबोटीने मी चोडणला गेले होते, खारफुटीतल्या एका चिंचोळ्या खाडीतले पाणी घ्यायला. सुकती, म्हणजे ओहोटी, पुरी व्हायला आली होती, चिखल उघडा पडला होता आणि त्याला कुजक्या अंड्यासारखा गंधकाचा वास येत होता. पाण्यात विरघळलेला प्राणवायू मोजायची विंकलरची पद्धत जुनी आहे, पण ती हात शिकवते. बाटली भरताना नळी तळाशी धरायची, पाणी वरून वाहून जाऊ द्यायचे आणि काचेचे बूच लावताना आत एकही बुडबुडा राहू द्यायचा नाही, कारण त्या बुडबुड्यातल्या हवेने सगळे मोजमाप बिघडते. मग जागेवरच पिपेटचे टोक पाण्याखाली नेऊन आधी मँगनीजचे द्रावण सोडायचे, त्यामागून अल्कधर्मी आयोडाइड. बाटली उलटसुलट केली की आत तपकिरी ढग उठतो आणि सावकाश तळाशी बसतो. प्राणवायू भरपूर असेल तर तो ढग गडद, नसेल तर फिकट, आणि अजिबात नसेल तर पांढरा. माझ्या बाटलीतला ढग फिकट होता. प्रयोगशाळेत परतल्यावर ॲसिड घातले, साका विरघळून पाणी पिवळसर झाले, ब्युरेटमधून थायोसल्फेट पडू लागले. पिवळेपणा पेंढ्याच्या रंगाइतका उतरला की स्टार्च घालायचा. सगळे एकदम गर्द निळे होते, आणि मग थेंब, थेंब, थेंब, आणि एका थेंबाला ती निळाई नाहीशी होते.

आकडा आला लिटरमागे 3 मिलिग्रॅमच्याही खाली. आपल्याकडच्या कोमट खाऱ्या पाण्यात भरपूर प्राणवायू म्हणजे साधारण साडेसहा मिलिग्रॅम. पुस्तकातल्या तक्त्यावरून मी 5 ते 6 ची अपेक्षा धरून बसले होते. मी वही सरांपुढे नेली. त्यांनी आधी बाटली कशी भरली ते विचारले, मग द्रावण कधी केले ते विचारले, आणि शेवटी म्हणाले, "पुस्तकात ही खाडी नाही. पुन्हा कर. पुन्हा हेच आलं, तर हेच लिही." पुढच्या सुकतीला पुन्हा गेले, पुन्हा तसेच आले. मग त्यांनी खडू घेतला आणि खारफुटीची पाने गाळात कशी कुजतात, ती कुजवणारे जिवाणू प्राणवायू कसा संपवतात, सुकतीला नदीचे ताजे पाणी त्या खाडीत का पोचत नाही, हे समजावून सांगितले. माझ्या दृष्टीने ती दुपार म्हणजेच माझे विद्यापीठ. त्या खाडीचे त्या दिवशीचे पाणी जगात दुसऱ्या कोणीही मोजलेले नव्हते.

ही गोष्ट लहान जागेतच इतक्या सहज घडू शकते.

विद्यार्थ्याचे रीडिंग म्हणजे केवळ सराव, खरे विज्ञान पुढे कुठेतरी दुसरीकडे होते, असे आपण गृहीत धरतो. जिथे प्रत्येक ओढ्यावर कोणी ना कोणी शोधनिबंध लिहिला आहे, तिथे ते एक वेळ खरे असेल. गोव्यासारख्या 3702 चौरस किलोमीटरच्या राज्यात, जिथे किनारा, खाडी, खाजन (बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली सखल शेतजमीन), सडा आणि सह्याद्री एका दिवसात ओलांडता येतात आणि मोजणारे हात थोडे आहेत, तिथे दुसऱ्या वर्षाच्या मुलीने प्रामाणिकपणे घेतलेली नोंद ही त्या जागेची एकमेव नोंद असू शकते. म्हणूनच पेन्सिलीने आधी भरलेले रीडिंग मला इतके टोचले. एक आकडा खोटा पडला याहून मोठे दुःख हे, की तिला पाहण्यासारखे इतके असताना तिच्यापुढे पाहण्यासारखे काही ठेवलेच गेले नव्हते.

आणि संधी नाहीत असे कसे म्हणावे? ताळगावच्या पठाराच्या पायथ्याशी दोना पावल येथे 1966 साली स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था उभी आहे. वास्कोला हेडलँड सडा येथे 1998 साली सुरू झालेले ध्रुवीय आणि महासागर संशोधनाचे राष्ट्रीय केंद्र आहे. अंटार्क्टिकावरची मैत्री आणि भारती ही आपली केंद्रे तिथून चालवली जातात, आणि बाहेर मे महिन्याच्या घामाने अंगाला कपडे चिकटत असताना आत उणे 20 अंशांत ध्रुवीय बर्फाचे लांब दंडगोल जपून ठेवलेले असतात. पहिली भारतीय अंटार्क्टिका मोहीम 1981 च्या डिसेंबरात निघाली तीही गोव्याच्याच किनाऱ्यावरून, समुद्रविज्ञान संस्थेचे माजी संचालक डॉ. एस. झेड. कासिम यांच्या नेतृत्वाखाली. जुने गोवे येथे किनारी शेतीचे संशोधन चालते. एवढ्या मोठ्या संस्था एवढ्या लहान विद्यापीठाच्या इतक्या जवळ फार ठिकाणी नसतील. त्यांच्या दारात आपली किती मुले प्रकल्पासाठी जातात आणि किती फक्त विज्ञान दिनाच्या सहलीत काचेबाहेरून पाहून परततात, हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो.

तरीही मोठ्या संस्थेचे दार उघडले म्हणजेच हाताला काम मिळते, असेही नाही. गोवा विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागात डॉ. डी. जे. भट यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी पश्चिम घाटातल्या बुरश्यांवर जे काम केले, त्याची सुरुवात जंगलात खाली पडलेल्या पानांपासून होई. कुजकी पाने आणायची, काचेच्या बशीत ओल्या टिपकागदावर ठेवायची, झाकायची आणि रोज पाहायची. अशा साध्या ओल्या बशीतून जगाला ठाऊक नसलेल्या प्रजाती पुढे आल्या. त्याहून मोहक गोष्ट मला एका मैत्रिणीने दाखवली होती. पावसाळ्यात रानातल्या ओढ्याला जिथे पाणी दगडावर आपटते तिथे पिवळट फेस साचतो. तो फेस चमच्याने बाटलीत घ्यायचा, फेस विरला की त्यातला थेंब काचपट्टीवर ठेवायचा. सूक्ष्मदर्शकाखाली चार बाजूंना चार लांब हात पसरलेले पारदर्शक बीजाणू दिसतात. पाण्यात पडलेल्या पानांवर जगणाऱ्या बुरशीचे ते बीजाणू. वाहत्या पाण्यात कुठेतरी अडकून राहता यावे म्हणून त्यांना ते हात. नेत्रिकेला डोळा लावून ते पहिल्यांदा पाहिले, तेव्हा मी किती वेळ बोलले नव्हते. यासाठी लागते काय? एक बाटली, एक बरा सूक्ष्मदर्शक आणि ओढ्यापर्यंत नेणारा शिक्षक.

बरा सूक्ष्मदर्शक हे मात्र मी हलकेपणाने लिहीत नाही. आपल्या हवेत बुरशी भिंगावरही चढते. जून उजाडला की भिंगाच्या आतल्या बाजूला कोळिष्टकासारखे धागे दिसू लागतात. सिलिका जेलच्या पुड्या आणि पेटीत लावलेला विजेचा दिवा यांवर लॅब असिस्टंटची जी माया असते, तीवरच अनेक महाविद्यालयांचे जीवशास्त्र तगून आहे. यंत्र बिघडले की दुरुस्त करणारा माणूस मुंबईहून नाहीतर बंगळूरूहून यायचा, तोवर सत्र संपते. लहान असण्याचे हे दुसरे अंग मला नाकारायचे नाही. एका विषयाला एकच जाणकार शिक्षक असतो आणि तो निवृत्त झाला की ती वाटच बंद होते. चांगली मुले पुण्याला, मुंबईला, परदेशी जातात, आणि त्यांनी जावे असेच आपल्यालाही वाटते.

पण सगळ्यात जास्त अडते ते अशा ठिकाणी, जिथे विद्यापीठाच्या कागदांत कोणी पाहत नाही. प्रयोग पाच वाजता संपत नाही. जिवाणूंची वाढ मोजायची तर ठरलेल्या वेळाने पाहावे लागते, भरतीची वेळ वेळापत्रक पाहून येत नाही. काणकोणहून किंवा सत्तरीच्या आतल्या गावाहून येणारी मुलगी कदंबची शेवटची बस चुकवू शकत नाही. पणजीत किंवा मडगावात घर असलेला मुलगा थांबू शकतो, आणि वर्षाअखेरीस आपण म्हणतो की त्याला संशोधनाची आवड आहे. प्राथमिक शाळा मराठीत किंवा कोंकणीत करून आलेल्या कित्येक मुलांना प्रयोगशाळेत प्रश्न पडतात, पण ते इंग्रजीत विचारायचे म्हणून ती गप्प राहतात. आमचे सर बाकाशी येऊन हळूच म्हणत, "तुझ्या भाषेत सांग, काय दिसलं?" एवढ्या एका वाक्यावर मी विज्ञानात टिकले. वसतिगृहातल्या चार खाटा, संध्याकाळची एक जास्तीची बस आणि असा एक शिक्षक, यांची किंमत मी कुठल्याही आयात यंत्रापेक्षा अधिक धरते.

2020 च्या शैक्षणिक धोरणानंतर आता पदवीच्या मुलांनाही प्रकल्प आणि इंटर्नशिप करायची असते. हे ऐकून मला मनापासून आनंद झाला, आणि भीतीही वाटली. कारण आपल्याला कुठल्याही गोष्टीचे सर्टिफिकेट करून टाकण्याची सवय आहे. ओळखीच्या कचेरीत काही आठवडे बसायचे, लेटरहेडवर चार ओळी आणायच्या, फाईल लावायची, की झाले. तसे झाले तर प्रकल्पाचे पानही पेन्सिलीनेच आधी भरले जाईल.

नाताळच्या सुट्टीत मी भाचीला चोडणला घेऊन गेले. ओळखीच्या एका शेतकऱ्याचे तिथे खाजन आहे. मानस, म्हणजे खाजनाच्या बांधातले पाण्याचे दार, कशी चालते हे तिने पुस्तकात कधी वाचले नव्हते, आणि ती तर यंत्रशास्त्राचा सुंदर धडा आहे: सुकतीला आतल्या पाण्याच्या दाबाने लाकडी दारे बाहेर उघडतात, भरतीला नदीच्या दाबाने तीच दारे घट्ट मिटतात, आणि माणसाने हात न लावता शेत खाऱ्या पाण्यापासून राखले जाते. पावसाने जमिनीतले मीठ धुऊन नेले की तिथे कोरगुट भात होते, आणि पावसाळा गेल्यावर माणूस ठरवून भरतीचे पाणी आत घेतो, मासळीसाठी. मी तिच्या हातात क्षारता मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर दिला. त्याच्या तिरप्या काचेवर पाण्याचा एक थेंब ठेवायचा, झाकण मिटायचे, उजेडाकडे रोखून पाहायचे. निळा आणि पांढरा रंग जिथे मिळतात तिथला आकडा वाचायचा. बाहेर, नदीच्या अंगाला 19 आले. आत, शेताच्या अंगाला 24. तिने काच पुसली, पुन्हा पाहिले, पुन्हा तेच. "मावशी, उलटं येतंय. समुद्र तर बाहेरच्या बाजूला आहे. आता काय लिहू?"

मी काही बोलायच्या आत बांधावर बसलेले शेतकरी म्हणाले, "आतलं पाणी भरतीचं, बाय. बाहेरचं आता सुकतीचं. सुकतीला वरचं गोडं पाणी खाली येतं, मग बाहेर कमीच खारट लागणार." तिने वहीत दोन्ही आकडे लिहिले, वेळ लिहिली, सुकती लागून किती वेळ झाला ते त्यांना विचारून लिहिले. मग स्वतःहून म्हणाली, की भरतीला पुन्हा मोजायला हवे, आणि पावसात तर सगळेच वेगळे येईल. आम्ही भरतीपर्यंत थांबलो. परतीच्या फेरीबोटीत ती मला विचारत होती, की पावसाळ्यात पणजीपाशी वरचे पाणी जवळजवळ गोडे होते आणि मे महिन्यात खारेपणा नदीत कितीतरी आतवर शिरतो, मग मधल्या प्रत्येक मानशीपाशी ते महिनावार कसे बदलत असेल, हे कोणी लिहून ठेवले आहे का?

एखाद्या महाविद्यालयाने एवढेच ठरवावे असे मला फार वाटते: जवळची एक मानस, एक झर किंवा एक ओढा आपला म्हणून घ्यावा, आणि दर वर्षीच्या मुलांनी आदल्या वर्षीच्या मुलांच्या वहीपुढे आपली नोंद करावी. त्याला मोठा निधी लागत नाही. 1907 साली गोव्यात जन्मलेले गणिती आणि इतिहासकार दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी प्राचीन नाण्यांचा काळ लावण्यासाठी ती एकेक करून वजन केली, कारण हाताहातांतून फिरताना नाणे झिजते आणि ती झीज गणिताने वाचता येते. आपला तर्क तपासायला त्यांनी आपल्या काळातली चलनातली नाणीही तोलली. अचूक तराजू, गणित आणि चिकाटी यांपलीकडे त्यात काही नव्हते. प्रात्यक्षिकाच्या परीक्षेतही अशा नोंदीला जागा हवी. परीक्षकाला स्वतःलाच उत्तर ठाऊक नाही असा एक नमुना प्रत्येक मुलापुढे ठेवावा, आणि गुण द्यावेत ते मोजण्याच्या रीतीला, तीन रीडिंगमधल्या फरकाला आणि त्या फरकाबद्दल मुलाने काय लिहिले आहे त्याला.

गेल्या महिन्यात मी माळ्यावरून माझा एमएस्सीचा प्रकल्प खाली काढला. कडांना कसर लागली आहे, पण तक्ते शाबूत आहेत. त्यातल्या नोंदी आता मी संगणकावर उतरवून काढते आहे: ठिकाण, तारीख, वेळ, भरती की सुकती, तापमान, क्षारता, प्राणवायू. मडगावच्या एका वर्गमैत्रिणीने साळ नदीवरच्या तिच्या नोंदी पाठवायचे कबूल केले आहे, आणखी एकाकडे झुआरीच्या आहेत. आपल्यापैकी ज्यांनी गेल्या तीस-चाळीस वर्षांत गोव्यातल्या कुठल्याही नदीवर, खाजनावर, झरीवर किंवा ओढ्यावर पदवीसाठी काम केले असेल, त्यांनी आपली प्रत शोधावी, हीच माझी विनंती आहे. आज त्या जागी जाऊन मोजणाऱ्या मुलांना त्याशिवाय तुलना करायला दुसरे काही मिळणार नाही. प्रतीबरोबर जुनी कच्ची वही सापडली तर फारच उत्तम. तिच्यातली खोडलेली रीडिंगही उतरवा, आणि ती का खोडली हे आठवत असेल तर शेजारी तेही लिहा.